बुक्का आणि खारीक : रोजच्या एका छायाचित्राच्या नोंदी

२० नोव्हेंबर २०२३ (दिवस १), मंगळवेढा

आजपासून घरातल्या दोन कुत्र्यांचे रोज एक छायाचित्र काढायचे आणि त्याची नोंद या वहीत ठेवायची, असे ठरवले आहे. शाळेत चित्रकला शिकवत असताना मी मुलांना नेहमी सांगत असे की, हात बसायचा असेल तर रोज नवा विषय शोधू नका, समोरचा तांब्याच महिनाभर काढा. निवृत्तीनंतर तेच स्वतः करून पाहायचे आहे, फक्त पेन्सिलीच्या जागी कॅमेरा आहे आणि तांब्याच्या जागी दोन जिवंत प्राणी आहेत.

बुक्का दहा वर्षांची, गावठी, कानापासून नखांपर्यंत काळी. पंढरपुरात बुक्का आणि तुळशीमाळा विकणाऱ्या दुकानापुढे ती पिल्लू असताना सापडली, म्हणून हे नाव. खारीक दीड वर्षाची, कारवानी जातीची; निमुळते तोंड, खोल छाती, मुठीत मावेल अशी कंबर आणि सुकलेल्या खारकेचा रंग. कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळच्या नावाने जी कुत्री प्रसिद्ध आहेत, त्यांनाच आमच्याकडे कारवानी म्हणतात.

नियम थोडेच ठेवले आहेत. दिवसाचे एकच छायाचित्र निवडायचे आणि ते त्याच रात्री निवडायचे. दुसऱ्या दिवशी बदलायचे नाही. कुत्र्यांना कपडे, टोप्या, माळा घालायच्या नाहीत. फ्लॅश वापरायचा नाही, कारण कुत्र्याच्या डोळ्यात दृष्टिपटलाच्या मागे प्रकाश परतवणारा एक थर असतो, त्यामुळे फ्लॅशच्या उजेडात डोळ्यांच्या जागी दोन हिरवट-पिवळे दिवे उमटतात आणि त्या कुत्र्याची नजर चित्रातून नाहीशी होते.

आजचे छायाचित्र : दोघी मागच्या पडवीत, खारीक बसलेली, बुक्का आडवी. बुक्काच्या जागी नुसता काळा डाग उमटला आहे.

२३ नोव्हेंबर २०२३ (दिवस ४)

चार दिवसांत बुक्काचे एकही छायाचित्र नीट आलेले नाही. जवळून घेतले तर ती राखाडी, धुतलेल्या पाटीसारखी दिसते. लांबून घेतले तर काळा डाग. कारण समजायला वेळ लागला नाही. कॅमेऱ्यातला प्रकाशमापक असे धरून चालतो की समोरच्या दृश्याची सरासरी मध्यम राखाडी असणार. काळ्या कुत्रीने चौकट भरली की त्याला दृश्य अंधारे वाटते, तो प्रकाश वाढवतो आणि काळे राखाडी होते. मागे चुन्याची भिंत आली की उलटे घडते. भिंत उजळ म्हणून तो प्रकाश कमी करतो आणि बुक्का पुरती बुडते. दोन्ही वेळा चूक एकच आहे, तिच्या अंगावर खरोखर किती उजेड पडतो आहे हे मोजलेच जात नाही.

२८ नोव्हेंबर २०२३ (दिवस ९)

उपाय पायाखालीच सापडला. पडवीला शहाबादी फरशी आहे आणि तिचा राखाडी रंग प्रकाशमापकाच्या मध्यम राखाडीच्या बराच जवळचा आहे. आता मी बुक्काकडे कॅमेरा नेण्याआधी तिच्या शेजारच्या, तिच्याइतकाच उजेड पडलेल्या फरशीवरून माप घेते, शटरचा वेग आणि लेन्सचे छिद्र हाताने पक्के करते आणि मगच चौकट जुळवते. ओली फरशी गडद होते, तिच्यावरून माप घेऊ नये, हे सकाळी पडवी धुतल्यावर लक्षात आले.

एवढ्याने बुक्का काळी झाली, पण तिला शरीर आले नाही. शाळेत मुले कावळा काढत तेव्हा काळ्या खडूने आतला भाग गच्च भरून टाकत, आणि मी त्यांना खिडकीबाहेरचा खराखुरा कावळा दाखवून विचारत असे की, यात कुठे कुठे काळे नाही ते सांगा. तोच प्रश्न आज स्वतःला विचारला. समोरून येणाऱ्या उजेडात बुक्काच्या अंगावर काहीच घडत नाही. उजेड बाजूने आला की केसांची प्रत्येक लाट वेगळी होते. मांडीवर उन्हाने करपलेली तपकिरी छटा दिसते, पाठीवर आभाळाचा निळसर पट्टा पडतो, आणि हनुवटीखाली वयामुळे पांढरे झालेले केस, जे मी रोज कुरवाळूनही मोजले नव्हते, एकेक करून मोजता येतात. सकाळी साडेसात ते साडेआठ ही वेळ तिच्यासाठी राखून ठेवली आहे, कारण तेव्हा ऊन पडवीत पूर्वेकडून तिरपे शिरते.

नवव्या दिवसाचे छायाचित्र हे बुक्काचे पहिले छायाचित्र म्हणता येईल.

२ डिसेंबर २०२३ (दिवस १३)

एलियट अर्विट यांचे २९ नोव्हेंबरला न्यूयॉर्कमध्ये निधन झाल्याची बातमी आज वाचली. वय ९५ होते. पॅरिसमध्ये १९२८ साली जन्मलेल्या या छायाचित्रकाराने युद्धोत्तर जगातले नेते आणि नट टिपले, तरी अनेकांना ते आठवतात त्यांच्या कुत्र्यांमुळे. त्यांचे १९७४ सालचे न्यूयॉर्कमधले एक छायाचित्र सर्वांना ठाऊक आहे : डावीकडे एका थोराड कुत्र्याचे फक्त पुढचे दोन पाय, मध्ये बाईचे बूट आणि उजवीकडे टोपी घातलेले चिमुकले चिवावा. कॅमेरा जमिनीलगत असल्याने ते चिमुकले कुत्रेच चित्रातले एकमेव पूर्ण व्यक्तिमत्त्व होते, बाकी सगळे गुडघ्यापर्यंतच उरते.

माझी आजवरची बारा छायाचित्रे पुन्हा पाहिली. अकरा उभ्याने काढलेली आहेत. त्यांत डोके मोठे, पाय आखूड आणि मागे सगळी फरशीच फरशी. आजपासून पोत्यावर पालथे पडून छायाचित्र घ्यायचे. गुडघ्यांसाठी जुनी गोधडी घडी करून ठेवली आहे.

९ डिसेंबर २०२३ (दिवस २०)

आज एक चूक कबूल करायची आहे. गेला आठवडाभर मी दोघींना बिस्किटे दाखवून, हाका मारून, चुटक्या वाजवून लेन्सकडे पाहायला लावत होते. अर्विटही कुत्र्यांचे लक्ष वेधायला भोंगा वाजवत आणि प्रसंगी भुंकतही, असे वाचले होते. पण ते रस्त्यावरच्या, पुन्हा न भेटणाऱ्या कुत्र्यांसाठी. माझ्या दोघींना हे रोज सोसावे लागते. आठवड्याची छायाचित्रे ओळीने लावली तेव्हा दिसले की बुक्का बहुतेक ठिकाणी तोंड वळवते आहे, नाक चाटते आहे किंवा थकवा नसताना जांभई देते आहे. कुत्रे अवघडले की हेच करते. मोठी, काळी, न मिटणारी लेन्स म्हणजे तिच्या दृष्टीने रोखून पाहणारा डोळा आहे, आणि कुत्र्यांच्या जगात रोखून पाहणे हे भांडणाचे आमंत्रण असते.

नवा नियम : हाक मारायची नाही, खाऊ दाखवायचा नाही. कॅमेरा पडवीच्या खुंटीला दिवसभर उघडा टांगून ठेवायचा, म्हणजे तो घरातल्या सुपासारखा किंवा झाडूसारखा होईल. मी रोज ठरलेल्या वेळी त्यांच्याजवळ बसेन. छायाचित्र मिळाले तर घेईन, आणि नाक चाटले की कॅमेरा खाली ठेवेन.

१४ डिसेंबर २०२३ (दिवस २५)

पाच दिवस दोघींचीही पाठच मिळाली. पाठीची पाचही छायाचित्रे ठेवली आहेत.

२२ डिसेंबर २०२३ (दिवस ३३)

आज वर्षातला सर्वांत लहान दिवस. मागची पडवी दक्षिणेकडे तोंड करून आहे आणि वळचण सुमारे आठ फूट उंचीवर आहे. दुपारी साडेबाराच्या सुमारास ऊन वळचणीच्या खालच्या रेषेपासून सात फूट आत आले होते, म्हणजे नऊ फुटी पडवीच्या भिंतीपासून केवळ दोन फुटांवर. बुक्का नेमकी त्या उन्हाच्या शेवटच्या पट्ट्यात, पाठ उन्हाला आणि तोंड सावलीला, अशी झोपली होती. हाका मारणे बंद केल्यापासून तिची झोपायची जागा मला पहिल्यांदा जागा म्हणून दिसू लागली आहे. नोव्हेंबरमधली छायाचित्रे काढून फरशांचे सांधे मोजले. महिन्याभरापूर्वी ती एक फरशी बाहेर झोपत होती. ऊन जसे आत सरकले, तशी तीही सरकली आहे.

फरशीवर खडूने रेघ मारून तारीख घातली. आता प्रत्येक छायाचित्रात तिच्यासोबत फरशीचा किमान एक सांधा यायला हवा, म्हणजे जागा पुढे मोजता येईल.

२६ डिसेंबर २०२३ (दिवस ३७)

दत्तजयंती. देवघरातल्या तसबिरीकडे आज वेगळ्या नजरेने पाहिले. महाराजांच्या पायाशी चार कुत्री. त्यांना चार वेद मानतात, हे लहानपणापासून ऐकत आले आहे. बहुतेक तसबिरींत ती मान वर करून देवाकडे पाहतात, आणि भक्तिचित्रात ते योग्यच आहे. पण माझी पहिल्या महिन्यातली छायाचित्रे तशीच होती, दोन कुत्री आणि मान वर, आणि वर मी. पूजा झाल्यावर प्रसादाच्या पेढ्याचा तुकडा दोघींना दिला. त्या वेळी कॅमेरा खुंटीलाच राहू दिला.

आजचे छायाचित्र : खारीक उंबऱ्यावर, पुढचे दोन पाय आत आणि धड बाहेर, कुणाकडेच पाहत नाही.

७ जानेवारी २०२४ (दिवस ४९)

हुरड्यासाठी रानात गेलो होतो. ज्वारी कमरेच्या वर गेली आहे आणि बांधावरची वाट मोकळी. खारकेला पळताना टिपण्याचा आज पहिला खरा प्रयत्न केला. आधी शटर सेकंदाचा पाचशेवा भाग ठेवले तर पाय पुसट आले. हजारावा भाग ठेवल्यावर धड स्पष्ट झाले, पण पंजे अजून विरघळलेलेच होते. सोळाशेव्या भागाला ती अखेर थांबली. तिच्या निमुळत्या तोंडाची अडचण वेगळीच आहे. छिद्र पूर्ण उघडले की डोळा स्पष्ट आणि नाक धूसर, कारण डोळ्यापासून नाकापर्यंतचे अंतरच स्पष्टतेच्या पट्ट्यात मावत नाही. तिच्यासाठी छिद्र ५.६ पेक्षा जास्त उघडायचे नाही.

संध्याकाळी छायाचित्रे मोठी करून पाहिली तेव्हा अंगावर काटा आला. एका उडीत खारीक दोनदा पूर्णपणे हवेत असते : एकदा चारही पाय पोटाखाली गोळा होतात तेव्हा, आणि एकदा पुढचे पुढे, मागचे मागे ताणलेले असतात तेव्हा. घोड्याच्या चौखूर धावेत असा क्षण एकदाच येतो, तोही पाय गोळा झालेले असताना. एडवर्ड मायब्रिज यांनी १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात ओळीने कॅमेरे मांडून ते दाखवून दिले आणि पाय ताणून उडणारे घोडे रंगवणाऱ्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या चित्रकारांची समजूत खोटी ठरली. घोड्याला जे जमत नाही ते या कुत्रीला जमते, आणि ते मी आमच्याच बांधावर पाहिले.

एक गोष्ट तात्यांमुळे सुधारली. तात्या आमच्या रानात राबतात आणि लहानपणापासून त्यांच्या घरी कारवानी कुत्री होती. ससे धरण्यासाठीच ही जात सांभाळली जाई. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ती शिकार बंद झाली, कुत्र्यांचे पाय मात्र तेच राहिले. मी बांधाच्या टोकाला बसून खारकेला हाक मारत होते, ती धावत यायची आणि प्रत्येक छायाचित्रात ती नाकासमोरून माझ्याकडेच येत असायची. तात्या म्हणाले, “बाई, हाक नका मारू. हाक मारली की ती पळायची ऱ्हाती अन् तुमच्याकडं बघत येती. आडवं बसा, गप बसा.” मी बांधाच्या बाजूला, ज्वारीच्या कडेला वीस मिनिटे गप्प बसले. घरात पाळत असलेला नियम रानात विसरले होते. त्यानंतर खारीक तिच्या कारणासाठी, बहुधा टिटवीच्या मागे, माझ्यासमोरून आडवी गेली. आजचे छायाचित्र ते आहे : कान मागे दुमडलेले, चारही पाय हवेत, खाली काळी माती आणि तिची तुटक सावली.

१५ जानेवारी २०२४ (दिवस ५७)

संक्रांत. ताप आहे. अंथरुणातूनच छायाचित्र घेतले : बुक्काची हनुवटी खाटेच्या काठावर. हाक मारली नव्हती.

२८ जानेवारी २०२४ (दिवस ७०)

बुक्काच्या डोळ्यांविषयी. दिवस ९, ३१ आणि ७० ची छायाचित्रे शेजारी ठेवली. तिघांतही सकाळचे तिरपे ऊन आहे, म्हणून ती तुलनेला योग्य आहेत. बाहुलीच्या आत एक फिकट निळसर धुके आहे. ते पहिल्या छायाचित्रातही होते, पण तेव्हा मी ते आभाळाचे प्रतिबिंब समजले होते. मोतीबिंदूच्या भीतीने काल तिला पशुवैद्यांकडे नेले. त्यांनी अंधाऱ्या खोलीत तपासून सांगितले की हा मोतीबिंदू नाही. वयाबरोबर डोळ्यातले भिंग मधोमध घट्ट होत जाते आणि त्यामुळे निळसर दिसते, पण प्रकाश त्यातून जातो आणि नजर बरीचशी शाबूत राहते. जवळचे मात्र थोडे अस्पष्ट होत असावे.

यामुळे मी माझी बसण्याची जागा बदलली आहे. पूर्वी मी मागून येऊन जवळ बसत असे. आता समोरून, लांबूनच, पायांचा आवाज करत येते, म्हणजे ती दचकत नाही. पन्नास मिलिमीटरच्या लेन्सऐवजी लांबची लेन्स लावली आहे. छायाचित्रांत पार्श्वभूमी कमी येते, फरशीचे सांधे कधी कधी सुटतात. ते चालेल.

१६ फेब्रुवारी २०२४ (दिवस ८९)

आज बुक्का पहिल्यांदाच उन्हाच्या रेषेच्या पलीकडे, पूर्ण सावलीत झोपली. दुपारचे ऊन आता साडेचार फुटांपर्यंतच येते. २२ डिसेंबरपासून आजपर्यंत ती उन्हाचा काठ धरून होती. आज तिने काठ सोडला. थंडी संपल्याचे या घरात सर्वांत आधी तिला कळले, कारण मी अजून रात्री चादर घेते आहे.

विल्यम वेगमन या अमेरिकन चित्रकाराविषयी आज बराच विचार केला. त्यांनी १९७० पासून त्यांच्या वायमरानर जातीच्या कुत्र्याला, ज्याचे नाव त्यांनी मान रे ठेवले होते, समोर बसवून काम केले. तो १९८२ मध्ये गेला, आणि पुढे फे रे ही कुत्री आणि तिची पिल्ले त्यांच्या चित्रांत आली. ते कुत्र्यांना स्टुलांवर बसवतात, कपडे घालतात, आणि ती कुत्री शांतपणे, कामाला आल्यासारखी बसलेली असतात. मला ते काम खोटे वाटत नाही. रोज एकाच माणसाबरोबर एकच खेळ खेळणाऱ्या कुत्र्याला तो खेळ आवडू शकतो, आणि मान रेच्या चेहऱ्यावर अवघडलेपण शोधूनही सापडत नाही. बुक्काला तो खेळ आवडत नाही, एवढाच फरक आहे, आणि माझ्या कामाची रीत तिच्यावरून ठरायला हवी.

२० मार्च २०२४ (दिवस १२२)

दिवस-रात्र समान. उन्हाची रेषा अडीच फुटांवर. बुक्का भिंतीलगत, पोट फरशीला चिकटवून आणि मागचे पाय बेडकासारखे पसरून झोपते, कारण फरशी आता थंडाव्यासाठी हवी आहे. डिसेंबरची खडूची रेघ पुसट झाली होती, पुन्हा काढली. तीच फरशी, पण तेव्हा तिच्यावर ऊन होते म्हणून ती तिथे होती आणि आता सावली आहे म्हणून आहे.

२१ एप्रिल २०२४ (दिवस १५४)

पाडव्यानंतर कडुनिंबाची नवी पालवी दाट झाली आणि दोघींचा मुक्काम पडवीतून अंगणातल्या निंबाखाली हलला. इथे प्रकाशाची नवी अडचण आहे. बुक्काच्या काळ्या अंगावर कवडसे पडतात आणि फरशीवरून माप घ्यायची युक्ती चालत नाही, कारण तिच्या पाठीवर एकाच वेळी भर ऊन आणि गडद सावली असते. दोन दिवस सगळी छायाचित्रे ठिपकेदार येत होती आणि मी वैतागले होते. आज मोठे करून पाहिले तेव्हा कळले की पानांमधल्या फटी वेड्यावाकड्या असूनही कवडसे मात्र गोल आहेत. प्रत्येक फट सुईच्या छिद्राच्या कॅमेऱ्यासारखे काम करते आणि प्रत्येक कवडसा हे सूर्याचे एक चित्र असते. सातवीच्या विज्ञानाच्या तासाला मुलांनी पुठ्ठ्याला भोक पाडून हेच केलेले मी कितीदा पाहिले आहे. बुक्काच्या पाठीवर आज चाळीसएक सूर्य होते. कवडशांवरून माप घेतले, सावली बुडू दिली, आणि ते छायाचित्र ठेवले.

खारकेचे या महिन्यात एकही धावतानाचे छायाचित्र घेतलेले नाही. सकाळी सातनंतर माती तापते आणि पंजे भाजतात. तिला साडेपाचला रानात नेतो, तेव्हा सोळाशेव्या भागापुरता उजेड नसतो. त्याऐवजी शटर साठाव्या भागावर ठेवून, तिच्याबरोबर कॅमेरा फिरवून पाहते आहे. डोके स्पष्ट आणि ज्वारीची धसकटे ओढल्यासारखी पुसट, असे एक चित्र वीस-पंचवीस प्रयत्नांतून निघते.

९ मे २०२४ (दिवस १७२)

आमच्या अक्षांशावर या एक-दोन दिवसांत दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाशीच संपते. अंगणात पाण्याचा तांब्या ठेवून पाहिले. बारा वाजून पंचवीस मिनिटांनी त्याच्या कोणत्याच बाजूला सावली नव्हती. पडवीत दुपारचे ऊन आता येतच नाही आणि पुढले तीन महिने येणार नाही.

डिसेंबरमध्ये दुपारी निंबाची सावली उत्तरेला, विहिरीकडे लांब पडायची. महिनाभर ती खोडाकडे सरकत आली आहे आणि आज खोडाभोवती सगळीकडे सारखी होती. बुक्का खोडाला पाठ टेकून, दोन मुळांच्या खोबणीत झोपली होती; गेल्या आठवड्यात ती तिथून हातभर उत्तरेला होती. खारीक तिच्या पोटाशी मान ठेवून पडली होती आणि तिची जीभ बाहेर होती. मी मातीत गोधडी टाकून समोर पालथी झाले. बुक्काने एक डोळा उघडला, पायांच्या आवाजावरून मीच आहे हे तिला आधीच कळले असावे, आणि तो मिटला. माप खोडावरून घेतले. एकच छायाचित्र काढले, कारण दुसऱ्याची गरज वाटली नाही, आणि पाण्याचे भांडे भरायला उठले.